जाळीच्या कपाटातल्या चपला

मी पदवीधर झालो तो माझ्या आत्यामुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. वडील तालुक्याच्या गावी लाकडाच्या वखारीत कामाला होते. मी तिथल्याच शाळेतून बारावी झालो तेव्हा मलाही वखारीत चिकटवून द्यावं, असा त्यांचा विचार होता. त्या मे महिन्यात आत्या माहेरी आली होती. तिला वाचता येत नव्हतं. तिने माझ्या निकालाचा कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि वडिलांना म्हणाली, "झिलाक माझ्याबरोबर धाड. माझ्या दोन पोरींत ह्यो तिसरो."

तिची खोली घाटकोपरला, डोंगराच्या उतारावरच्या चाळीत होती. आत्या, आतोबा, त्यांच्या दोन मुली आणि मी. आतोबा कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. माझं कॉलेज सकाळचं, त्यामुळे मी दीड-दोन वाजता परत यायचो, आणि माझं जेवण जाळीच्या कपाटात झाकून ठेवलेलं असायचं.

हे कपाट म्हणजे त्या खोलीतली एकमेव सागवानी वस्तू. छातीइतकं उंच, पुढे दोन दारं आणि दारांना बारीक तारेची जाळी, म्हणजे मांजर आत जाणार नाही पण हवा खेळेल. चार पाय पाण्याच्या वाट्यांत उभे, मुंग्या चढू नयेत म्हणून. वरच्या खणात दूध-दही, मधल्यात शिजवलेलं अन्न, खालच्यात डबे. आत्याचं सगळं घर त्या कपाटाभोवती फिरायचं. चुकून त्याला पाय लागला तर आम्ही वाकून हात लावायचो आणि तो हात कपाळाला लावायचो. ताटाला किंवा सुपाला पाय लागल्यावर करतात तसंच.

चार वर्षं मी त्या कपाटातलं जेवलो. मधल्या काळात गिरण्यांचा संप झाला आणि आतोबांचं काम सुटलं, ते पुन्हा लागलंच नाही. आत्या लोकांचे पापड लाटून देऊ लागली, मुली शिवणकाम करू लागल्या. मला मात्र कोणी कधी म्हणालं नाही, की बाबा, तूही आता काही बघ. मी परीक्षा दिली, पास झालो, एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो. मुलींची लग्नं झाली. मग आत्या आणि आतोबांनी खोली सोडली आणि ते कायमचे गावी गेले. जाताना आत्याने कपाट मला दिलं.

"गावाक नेऊन काय करू? थंय भिंतीत फडताळा आसत," ती म्हणाली. "तुका घे. काय होया ता कर तेचा."

मी ते टेंपोतून मुलुंडला आणलं. माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि आम्हाला पूर्वेला एक खोली-स्वयंपाकघर मिळालं होतं. माझी बायको वाकोल्यात वाढलेली, बोलायला सरळ. तिच्या माहेरून आलेली स्टीलची मांडणी आणि एक छोटा फ्रिज स्वयंपाकघरात आधीच उभे होते. त्यांच्यासमोर मी हे कपाट लावलं. आता दोन माणसांनी एकदम आत जायचं म्हटलं तर एकाने ओट्यावर बसायला हवं होतं.

"ह्यात ठेवायचं काय पण?" बायकोने विचारलं.

अन्न फ्रिजमध्ये, भांडी मांडणीवर. शेवटी मी त्यात माझ्या गुणपत्रिका ठेवल्या, पदवीचं भेंडोळं ठेवलं, लग्नाचा अल्बम ठेवला. बायकोने एक नारळ ठेवला, कारण नारळ ठेवायला तिला दुसरीकडे जागा नव्हती. पायांखालच्या वाट्यांत मी दर रविवारी पाणी बदलायचो. मुंग्यांना खाण्यासारखं आत काही नव्हतं तरी बदलायचो.

दोन वर्षांनी आतोबांचं कार्ड आलं. आत्याला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. तांदूळ निवडता येत नाहीत, माणूस बोलल्यावाचून ओळखू येत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. डॉक्टरांनी मुंबईला जाऊन ऑपरेशन करायला सांगितलं होतं. एका डोळ्याचं आधी, दुसऱ्याचं सहा महिन्यांनी. धाकटी मुलगी मानखुर्दला सासरी होती, पण तिथे एका खोलीत आठ माणसं. मी उलट टपालाने लिहिलं, की आत्याने आमच्याकडेच यायचं, दोन महिने राहायचं.

या एका गोष्टीची मी वाट पाहत होतो. नोकरी लागल्यापासून आत्याने माझ्याकडून काही घेतलं नव्हतं. लुगडं पाठवलं तर ते मुलीला द्यायची. आतोबांच्या हस्ताक्षरात तिचं उत्तर आलं: "येईन. पण तुमच्या घरात माणूस आडवं व्हायला जागा असेल तर. सुनेला अडचण करून येणार नाही."

कार्ड वाचून बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. खोलीत आम्ही दोघं झोपायचो. आत्याला स्वयंपाकघरच बरं पडलं असतं, मोरी जवळ, वारा येणारी खिडकी. तिने जमिनीवर चटई पसरून पाहिली. अर्धी चटई कपाटाखाली गेली.

"तुमच्या कपाटाला झोपायला जागा आहे," ती म्हणाली, "आत्यांना नाही."

"ते खोलीत घेऊ."

"खोलीत घेतलं तर आपण कुठे झोपायचं, कपाटात? आणि त्या पाण्याच्या वाट्या. दिसत नसलेलं माणूस, एकीत पाय पडला की घसरलंच."

मग तिने मला दारात नेलं. आमच्या दाराबाहेरच्या व्हरांड्यात चपलांचा ढीग असायचा. आमच्या, पाहुण्यांच्या, शेजारच्यांच्या, सगळ्या एकात एक. सोसायटीचे अध्यक्ष येता-जाता त्यांना पायाने बाजूला सारायचे. "ह्याच्यात अडखळून पडतील त्या," बायको म्हणाली. "दाराच्या आत ही एवढी भिंत रिकामी आहे. इथे चपलांना काहीतरी पाहिजे, आणि चपला काढताना त्यांना बसायला पाहिजे." एवढं बोलून तिने मागे वळून कपाटाकडे पाहिलं. तिला काय सुचवायचं आहे ते मला कळलं, आणि मला ते कळलंय हे तिलाही कळलं.

"ज्यातलं अन्न खाल्लं त्यात चपला?" मी म्हणालो.

"मी काही बोलले का?"

आठवडाभर आम्ही त्या विषयावर बोललो नाही. मी नवं काही घेता येईल का ते बघून आलो, पण कपाट जाईपर्यंत नवं-जुनं कशालाच अर्थ नव्हता. ते विकणं मला शक्य नव्हतं. शेवटी मी नाक्यावरच्या सुताराला घेऊन आलो. तो आमच्याच बाजूचा, सावंतवाडीकडचा म्हातारा. त्याने कपाटावर बोटाने टकटक केलं.

"साहेब, जुना साग आहे. कापायला जीव होत नाही."

"पण दाराशी बसलं पाहिजे. वर विजेचा मीटर आहे."

"मग वरचा खण कापतो. दोन खण राहतील. वरून ती जाड फळी टाकतो, माणूस बसलं तरी हलणार नाही. पाय अर्धे करतो." त्याने दाराला नाक लावलं. "आणि चपलांना जाळीच पाहिजे. बंद कपाटात पावसाळ्यात बुरशी येते. हे देवाने चपलांसाठीच केलंय."

"ते दुधाचं कपाट आहे," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पिशवीतून करवत काढली.

दोन दिवसांत झालं. वरच्या खणाच्या उरलेल्या लाकडातून त्याने छत्र्या अडकवायला खुंट्यांची एक पट्टी करून दिली. मी सगळ्याला रंधा मारून घेतला, जाळीचा गंज घासला, वॉर्निश दिलं. कड्या-कोयंडे जुनेच ठेवले, ते मजबूत होते. दाराशी ते असं बसलं, की जणू तिथलंच होतं. पुढचे चार दिवस आमच्या चपला बाहेर व्हरांड्यातच राहिल्या. मी आत ठेवल्या नाहीत, हे समजण्यासारखं आहे. पण बायकोनेही ठेवल्या नाहीत. छत्र्या अडकवल्या, फळीवर पिशव्या ठेवल्या, कपाट मात्र रिकामं.

आत्याला घ्यायला मी एस.टी. स्टँडवर गेलो. तिने माझा दंड धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. घरी आल्यावर मी तिला दाराच्या आत त्या फळीवर बसवलं. तिने चपला काढल्या. मी कडी काढली, दार उघडलं आणि तिच्या चपला खालच्या खणात ठेवल्या. ते करताना माझ्या मनात काही आलं नाही. तिच्या चपला होत्या. त्यानंतर आमच्याही जाऊ लागल्या.

संध्याकाळी चहा पिताना तिने विचारलं, "कपाट खंय रे माझा?"

मी म्हणालो, "सुताराकडे दिलंय. जाळी बदलायला."

का म्हणालो ते मला नीट सांगता येत नाही. तिच्या अन्नाच्या कपाटावर ती दुपारपासून बसली होती आणि खाली चपला होत्या. ते तिच्या तोंडावर सांगायचा मला धीर झाला नाही. आत्या "बरा," म्हणाली आणि तिने बशीत चहा ओतला. बायको माझ्याकडे बघत राहिली.

"डोळा उघडल्यावर काय सांगणार?" तिने नंतर स्वयंपाकघरात मला हळूच विचारलं. "सुताराने कापून चपलेचं केलं आणि चुकून आपल्याच दाराशी आणून ठेवलं?"

"सांगेन गं. ऑपरेशन होऊ दे."

ऑपरेशन झालं. आठ दिवस ती महापालिकेच्या रुग्णालयात होती आणि नंतर हिरवी पट्टी बांधून घरी आली. ते दिवस आमच्या घरात फार चांगले गेले. बायको तिच्या डोळ्यात वेळेवर थेंब घालायची आणि ती बायकोला कुळथाची पिठी करायला शिकवायची. दारावर कोळीण आली की आत्या त्या फळीवर येऊन बसायची. डोळ्याने दिसत नव्हतं, पण नाकाशी धरून बांगडा ताजा की कालचा ते सांगायची.

"मावशे, नाक हाय का काय हाय तुझं," कोळीण म्हणायची.

"नाक आसा म्हणान तर तुझो धंदो माझ्यापुढे चलत नाय," आत्या म्हणायची.

बायको हसायची. आमच्या घरात आत्याचा आवाज होता, आणि मला दुसरं काही नको होतं. सांगायचं तेवढं राहून जात होतं.

दीड महिन्याने जाड भिंगांचा चष्मा मिळाला. तो घालून आत्या रुग्णालयातून घरी आली, दारात थांबली आणि तिने पहिल्यांदा आमचं घर पाहिलं. भिंती पाहिल्या, बायकोचं तोंड दोन्ही हातांत धरून पाहिलं. "बाय, तू सुंदर आसंस गो," म्हणाली. मग त्या फळीवर बसून चपला काढल्या, स्वतःच कडी काढून आत ठेवल्या आणि कडी लावली.

"आत्या," मी म्हणालो, "हे ते—"

"माका पयल्याच दिवशी कळला." ती माझ्याकडे बघतच नव्हती, खाली बघत होती. "तू कडी काढलंस तेव्हाच. वीस वर्सा मी ती कडी काढलंय. तिचो आवाज माका कळाचो नाय?"

बायको स्वयंपाकघरात निघून गेली.

"चपले ठेवलंस म्हणान माका वायट वाटूक नाय," आत्या म्हणाली. "माझ्याशी खोटा बोललंस. दोन म्हयने मी वाट बघतंय, आज सांगीत, उद्या सांगीत. आंधळ्या माणसाशी खोटा बोलणा सोपा असता, होय?"

मी सांगितलं, की तुला वाईट वाटेल म्हणून. ते अन्नाचं कपाट होतं म्हणून. त्यातलं जेवूनच मी शिकलो म्हणून.

तेव्हा ती हसली, पण ते हसणं मला बरं वाटलं नाही. "तेचो देव करून ठेवलंस तू," ती म्हणाली. "तुका म्हायत आसा तेच्यात काय होता? संपाच्या वर्सात आतून जाळीक क्यालेंडरचे कागद चिकटवले होते मी. आठवता? तुका सांगितला होता, माश्यो आत जातत म्हणान. माश्यो बिश्यो काय नाय. बाहेरून लोकांका दिसूक नये म्हणान, की आत काय नाय. तुझा एक ताट आसायचा. बाकी सगळा रिकामा. माका त्या कपाटाकडे बघूक नको वाटायचा. म्हणान तर गावाक नेलंय नाय. तू तेच्यात चपले ठेवलंस, बरा केलंस."

मी तिच्या पायाशी जमिनीवर बसलो होतो. मी म्हणालो, "मला माहीत नव्हतं, आत्या."

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "कसा म्हायत असतला," म्हणाली. "पोर होतंस."

चार दिवसांनी ती गावी गेली. स्टँडवर बायकोने तिला विचारलं, "दुसऱ्या डोळ्याला कधी येताय?" आत्या म्हणाली, "बघू." पुन्हा विचारलं तरी तेच, "बघू." एका डोळ्याने चालतं म्हणाली, म्हाताऱ्या माणसाला दोन कशाला. गाडी सुटली. परतीच्या बसमध्ये बायको म्हणाली, "त्या येणार नाहीत. तुम्ही अजून काहीतरी दाबून ठेवलंय. मला नका सांगू, त्यांना सांगा."

कचेरीतून एक दिवस रजा घेऊन मी हे पत्र लिहिलं. पाठवण्याआधी त्याची एक प्रत करून ठेवली होती. आत्याला वाचता येत नसल्यामुळे पत्र आतोबाच वाचून दाखवणार होते. ती प्रत अशी:

"आत्या, तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

आतोबा, हे पत्र तुम्ही मोठ्याने वाचणार आहात. वाचता वाचता थांबू नका, आणि काही गाळू नका. यातलं निम्मं तुमच्यासाठीही आहे.

आत्या, मी तुला त्या दिवशी सांगितलं, की मला माहीत नव्हतं. ते खोटं होतं. कपाटाबद्दल एक खोटं बोललो ते तू पकडलंस, त्याच जागी बसून मी दुसरं बोललो आणि ते तुला कळलं नाही. तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास. तो हात मला अजून तिथे जाणवतो आणि त्याने मला बरं वाटत नाही.

संपाच्या दुसऱ्या वर्षी एक दिवस प्राध्यापक आले नाहीत म्हणून मी अकरा वाजताच घरी आलो होतो. खोलीत कोणी नव्हतं. तू पापड द्यायला गेली होतीस, मुली शिवणाला, आतोबा युनियनच्या सभेला. मला भूक लागली होती. मी कपाट उघडलं. मधल्या खणात माझं ताट होतं, दोन भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. का कोण जाणे, मी वरच्या खणातही पाहिलं आणि खालच्यातही. वर काही नव्हतं. खाली डबे होते, मी एकेक उघडला. पिठाच्या डब्यात तळाला हाताला लागेल एवढंच होतं. बाकी सगळे रिकामे होते आणि तू ते घासून पालथे घातले होतेस.

मग मी जेवलो. दोन्ही भाकऱ्या खाल्ल्या. स्वतःला म्हणालो, हे लोक जेवले असतील, म्हणून तर डबे रिकामे आहेत. ते खरं नाही हे मला तेव्हाच माहीत होतं. एक भाकरी ठेवता आली असती. एकदा तरी मी म्हणू शकलो असतो, की आत्या, आज मला भूक नाही. पुढची दीड वर्षं मी रोज कपाट उघडायचो, जेवायचो आणि बाकीच्या खणांकडे बघायचो नाही. मला भीती वाटायची, की मी विचारलं तर तू खरं सांगशील, आणि मग मला गावी परत जावं लागेल. मला शिकायचं होतं. म्हणून मी गप्प बसलो.

म्हणून त्या कपाटाच्या वाट्यांत मी पाणी बदलत राहिलो. तुला वाटतं मी त्याचा देव केला. मला त्यात चपला ठेवायचा धीर होत नव्हता त्याचं कारण भक्ती नव्हतं.

तुमच्या दोघांच्या आणि दोन बहिणींच्या वाटचं मी खाल्लं, आणि जाणून खाल्लं. ते तुम्ही मला दिलं हेही मला माहीत आहे. हे दोन्ही मला एकदम सांगायचं होतं. नुसते आभार मानले असते तर अर्धंच सांगितल्यासारखं झालं असतं. माझ्या पगाराचा पहिला महिना झाला तेव्हाच हे सांगायला हवं होतं.

आता माझ्याकडे तुझ्यापासून लपवलेलं काही नाही.

दुसऱ्या डोळ्याची तारीख मी रुग्णालयात जाऊन नोंदवून आलो आहे. दिवाळीनंतरचा दुसरा सोमवार. सुनेने चटईऐवजी गादी करून घेतली आहे, कापूस जुनाच आहे पण पिंजून घेतला. ती म्हणते, आत्या आल्या नाहीत तर पिठी मी करणार नाही, तुम्हीच करा.

या वेळी आतोबांनाही घेऊन ये. खोलीत आपण चौघं मावतो, मी मोजून पाहिलं आहे. हे सगळं ऐकून तुला यावंसं वाटलं नाही, तर तेही तू म्हणू शकतेस, मी वाईट वाटून घेणार नाही असं मात्र लिहीत नाही, कारण ते खोटं होईल. रविवारी रात्रीच्या गाडीने मी गावी येतो आहे. सोमवारी सकाळी अंगणात येईन. जे काय बोलायचं ते मला समोर बोल.

तुझा भाचा"